जुने द्राक्षारिष्ट : वय आणि परीक्षा

चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, आसवे मात्र जुनी झाल्याने अधिक गुणवान होतात, असे शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात सांगितले आहे. या वचनावर विसंबून आम्हीही द्राक्षारिष्टाच्या जुन्या बाटल्या निःशंकपणे देत असू. एका उन्हाळ्यात कासाच्या रुग्णाने औषध घेताच घशाशी जळजळ होत असल्याचे सांगितले. पाहतो तो अर्ध्या बाटलीतील अरिष्टाचे शुक्त झालेले! तेव्हापासून ‘जुने’ आणि ‘चांगले’ यांत आम्ही भेद करू लागलो.

येथे द्राक्षांच्या ब्रँडीशी तुलना उद्बोधक ठरते. ब्रँडी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास नवी नाही. श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगर त्यासाठी प्रसिद्धच आहे. फ्रान्समधील कोन्याक ही ब्रँडी तांब्याच्या पात्रात दोनदा ऊर्ध्वपातित करून ओकच्या पिंपांत किमान २ वर्षे मुरवितात; ‘एक्स. ओ.’ प्रतीस २०१८ पासून किमान १० वर्षे लागतात. हे मुरणे पिंपातच होते, बाटलीत थांबते. मद्यार्क किमान ४० टक्के असल्याने उघडल्यावरही ती आंबत नाही. द्राक्षारिष्टातील स्वयंजनित मद्यार्क त्या मानाने फारच अल्प असतो. त्यामुळे हवा लागताच सूक्ष्म जंतू त्याचे अम्लात रूपांतर करू शकतात.

कोन्याकचे जाणकार पिंपाच्या वयावर न थांबता नेत्र, घ्राण व जिव्हा यांनी परीक्षा करतात. तोच क्रम आपणही पाळावा. स्वच्छ काचपात्रात थोडे अरिष्ट घेऊन उजेडात धरावे. तळाशी किंचित गाळ चालतो. पृष्ठभागावर तवंग वा बुरशी नसावी. झाकण उघडताना फसफस झाल्यास संधान अपूर्ण राहिल्याची शंका घ्यावी. प्रथम पात्र न हलविता, नाकापासून थोडे दूर धरून वास घ्यावा. नंतर हलवून पुन्हा घ्यावा. मनुका, दालचिनी व वेलची यांचा गंध यावा, सिरक्याचा नव्हे. शेवटी पाण्याने मुख धुऊन चार थेंब जिभेवर ठेवावेत. आधी मधुर, मग किंचित कषाय व तीक्ष्ण अशी चव अपेक्षित आहे. अम्ल रसच प्रधान असेल तर ते त्याज्य समजावे.

आंबट अरिष्टात गूळ मिसळून ते खपविण्याचा मोह औषधालयचालकांनी टाळावा. चव झाकली जाईल, दोष राहीलच. बाटली उघडल्याचा दिनांक तिच्यावर लिहावा, लहान बाटल्या घ्याव्यात व उन्हाळ्यात त्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. शास्त्रवचन सुसिद्ध आसवाविषयी आहे. आपल्या फडताळावरील बाटली तशी आहे की नाही, हे पाहणे आपलेच कर्तव्य होय.