कॅबर्ने सॉव्हिन्यों : द्राक्ष गुणी, पण औषध नव्हे

'रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली,' हे वाक्य हल्ली ऑफिसच्या पार्टीपासून घरगुती समारंभापर्यंत कुठेही ऐकू येते. त्यात तथ्य किती? उत्तर शोधण्यासाठी वाइनच्या द्राक्षांपैकी जगात सर्वाधिक क्षेत्रावर लावलेले वाण पाहू. त्याचे नाव कॅबर्ने सॉव्हिन्यों. २०१५ मध्ये त्याची लागवड सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टरवर होती. आपल्याकडे नाशिक परिसरातही ते पिकते.

हे वाण मूळचे नैऋत्य फ्रान्समधील बोर्दो भागातले. त्याचे आई-बाप कोण, हे मात्र फार काळ कोडेच होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए चाचणीने ते सोडवले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार काळे कॅबर्ने फ्रां आणि पांढरे सॉव्हिन्यों ब्लां या दोन वाणांचा हा संकर निघाला.

रंग आणि तुरटपणा सालीत

थॉमसन द्राक्षाच्या तुलनेत कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. त्यामुळे गराच्या मानाने साल-बियांचे प्रमाण मोठे. त्याचा रस जवळजवळ रंगहीन असतो. गडद लाल रंग येतो तो सालीतल्या अँथोसायनिनमुळे. म्हणूनच रेड वाइन करताना रस सालीसकट आंबवतात. साल आणि बियांतून टॅनिनही उतरते. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि जांभूळ खाल्ल्यावर वाटते तसे तोंड कोरडे पडते. द्राक्ष पुरेसे पिकले नसेल, तर वाइनला ढोबळी मिरचीसारखा वास येतो. त्याला पायराझिन गटातले संयुग कारणीभूत असते. मणी पिकत जातात आणि घडांना ऊन मिळते, तसे ते कमी होते.

रेस्वेराट्रॉलचा हिशेब

सालीत रेस्वेराट्रॉल नावाचा आणखी एक पदार्थ असतो. बुरशीपासून बचावासाठी वेल तो तयार करते. १९९१ मध्ये अमेरिकेतील '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात 'फ्रेंच विरोधाभास' मांडला गेला. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, या प्रश्नाचे उत्तर रेड वाइनमध्ये शोधले गेले आणि अमेरिकेत तिची विक्री झपाट्याने वाढली. पुढे श्रेय रेस्वेराट्रॉलला मिळू लागले.

आता आकडे पाहा. २००६ मध्ये गाजलेल्या प्रयोगात स्निग्ध आहारावरील उंदरांना दर किलो वजनामागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम रेस्वेराट्रॉल दिले होते. त्यांना फायदा दिसला. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये मात्र ते साधारण काही मिलिग्रॅमच असते. ६० किलोच्या माणसाने थेट त्याच प्रमाणात घ्यायचे ठरवले, तर रोज शेकडो लिटर वाइन लागेल! इटलीतील कियांती भागातल्या ७८३ ज्येष्ठांच्या पाहणीतही आहारातून मिळणाऱ्या रेस्वेराट्रॉलचा आयुर्मानाशी संबंध आढळला नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग थोडी पिणाऱ्यांची प्रकृती चांगली, असे जुने अभ्यास का सांगत? त्यातल्या अनेकांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. शिवाय माफक वाइन पिणाऱ्यांचे उत्पन्न, आहार आणि व्यायामही बरेचदा बरा असतो. श्रेय मात्र ग्लासाला मिळाले.

ग्लासात खरे काय?

साडेतेरा टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १६ ग्रॅम अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. स्तन, यकृत, अन्ननलिका, आतडे अशा अनेक कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. दारू महाग आहे की स्वस्त, लाल आहे की पांढरी, याने त्यात फरक पडत नाही.

इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी विशेष जपावे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मद्यामुळे धोकादायकरीत्या उतरू शकते.

चवीसाठी कोणी वाइन घेत असेल, तर ती चव म्हणूनच घ्यावी. औषध म्हणून कोणी सुरू करू नये. सालीतले गुण हवे असतील, तर हंगामात काळी द्राक्षे स्वच्छ धुऊन सालीसकट खावीत. मधुमेहींनी तीही बेतानेच.