रक्तातील आकडे आणि त्यांचा अर्थ

रक्ततपासणीचा कागद हाती आला की आपली दृष्टी आकड्यावर जाते. तो कोणत्या पेशींचा, हे पाहावयाचे राहून जाते. रक्ताच्या कर्करोगात हे राहून जाणे महागात पडते.

निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लक्ष बिंबाणू, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या प्लेटलेट, असतात. तीव्र ल्यूकेमियात पांढऱ्या पेशी कधी लाखावर जातात, कधी उलट कमीच भरतात. परंतु लाख झाल्या तरी ते सैन्य नव्हे, नुसती गर्दी. या अपक्व पेशी जंतूंशी लढत नाहीत आणि अस्थिमज्जेतील जागा मात्र अडवून बसतात. म्हणून रुग्णाला वारंवार ताप येतो, तांबड्या पेशी घटल्याने धाप लागते, हिरड्यांतून रक्त येते.

उपचाराच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसे घेतले जात नाही. भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत अमिनोप्टेरिन तयार झाले. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात, ते दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ उतार पडल्याची नोंद आहे.

अशी औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारतात, आणि मज्जेतील निरोगी पेशीही त्याच जातीच्या. म्हणून उपचारानंतर आकडे आणखी उतरतात व घरची मंडळी औषधालाच दोष देतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर. साहजिकच तिचा तुटवडा आधी जाणवतो. तळ बहुधा ७ ते १४ दिवसांनी येतो. तीव्र ल्यूकेमियात तो काळ काही आठवडे लांबतो.

न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पू होण्यासही याच पेशी लागतात. त्यामुळे जंतुसंसर्ग झालेली जागा वरून फसवी, स्वच्छ दिसते.

प्लेटलेट साधारणतः १०,००० च्या खाली गेल्यास बाहेरून देतात. त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलत्या ठेवून, पाचएक दिवसच टिकतात. वर्षातून एकदा रक्तदान शिबिर भरवून ही गरज भागत नाही; बोलावताच येणारे दाते लागतात.