भरल्या टाकीत उपाशी मासा

रंगीत माशांच्या दुकानात गप्पी, मॉली आणि गोल्डफिशच्या रांगा संपल्या की एखाद्या कोपऱ्यात निळसर उजेडातल्या दोन-चार टाक्या दिसतात. त्या समुद्री माशांच्या. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश, लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय, निळ्या-नारिंगी नक्षीचा मँडरिन. किंमत गोड्या पाण्यातल्या माशाच्या कित्येक पट असली तरी गिऱ्हाईक तिथे थबकतेच.

घरी आणलेला असा मासा बहुधा लगेच मरत नाही. महिना-दीड महिना तो टाकीत फिरतो, रंगही टिकून असतो. मग एक दिवस तळाशी निपचित पडलेला सापडतो. पाणी स्वच्छ, तापमान योग्य, अंगावर डाग नाही. ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणून विषय मिटतो. नाजूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक समुद्री माशांच्या बाबतीत मात्र कारण वेगळेच असते. रोज दोन वेळा खाणे पडणाऱ्या टाकीत तो मासा उपासमारीने मेलेला असतो.

ताट भरलेले, पण ओळखीचे नाही

मँडरिन हे याचे ठळक उदाहरण. पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळ खडकांत राहणारा हा मासा जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा असतो. प्राण्यांमधला निळा रंग बहुतेक वेळा प्रकाशाच्या खेळातून दिसतो. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरे निळे रंगद्रव्य असते. त्याच्या अंगावर खवले नसतात, जाड बुळबुळीत थर असतो. तोंड इवलेसे. खडकावरचे कोपेपॉडसारखे बारीक जीव, म्हणजे कोळंबी-जवळ्याचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे चुलत भाऊ, तो दिवसभर एकेक करून टिपत असतो. वरून पडणारे कोरडे दाणे त्याच्या लेखी खाणे नसतेच. नव्या टाकीत असे जीव मोजकेच असतात. ते संपले की मासा अंगातल्या साठ्यावर दिवस काढतो आणि पोट खपाटीला जात जात मरतो.

क्लीनर रॅस हा सडपातळ, काळ्या-निळ्या पट्ट्याचा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सरासरी सुमारे १२०० परजीवी खात असल्याचे आढळले. घरच्या टाकीतल्या चार-पाच माशांच्या अंगावर इतके अन्न कुठून येणार? बटरफ्लाय माशांच्या काही जाती तर जिवंत प्रवाळाखेरीज जवळजवळ काहीच खात नाहीत. कॉपरबँडची लांब चोच कपारीतले बारीक किडे ओढून काढण्यासाठी घडलेली आहे. तो पाण्यावर तरंगणाऱ्या दाण्यांकडे फिरकतही नाही. ‘फाइंडिंग नीमो’ या २००३ च्या चित्रपटातल्या ‘गिल’ची जात, मूरिश आयडॉल, ही अनुभवी हौशी माणसांकडेही क्वचितच टिकते.

म्हणजे या माशांचा नाजूकपणा फक्त प्रकृतीचा नाही, खाण्याच्या सवयीचाही आहे. या सवयी लाखो वर्षांच्या उत्क्रांतीतून आल्या आहेत. भूक लागली की आपोआप खाईल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

खडकापासून दुकानापर्यंत

दुकानातले गोड्या पाण्यातले बहुतेक मासे मत्स्यशेतीतून येतात. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तयार खाद्यावर वाढलेल्या असतात. समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांश थेट समुद्रातून पकडले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरात दरवर्षी २ ते २.४ कोटी समुद्री शोभिवंत माशांचा व्यापार होत होता आणि त्यात १४७१ जाती होत्या.

पकडण्याची पद्धतही महत्त्वाची. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेली आणि पुढे इंडोनेशियात पसरलेली एक पद्धत म्हणजे सोडियम सायनाइडचे द्रावण बाटलीतून कपारीत सोडणे. मासा गुंगतो आणि हाती लागतो. सायनाइड पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. त्यातून वाचलेले मासेही अनेकदा पुढच्या काळात दगावतात, शिवाय त्या कपारीचे प्रवाळ मरते. दोन्ही देशांत ही पद्धत बेकायदा आहे, तरी ती पुरती संपलेली नाही.

त्यानंतर पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, आयातदार, दुकानदार असा प्रवास. वाटेत पिशवीतले पाणी घाण होऊ नये म्हणून माशांना उपाशीच ठेवतात. म्हणजे दुकानात पोहोचलेला मासा आधीच कित्येक दिवसांचा उपाशी असू शकतो. घरी नेल्यावरही तो खाणार नसेल, तर त्याच्याकडे फार वेळ उरलेला नसतो.

खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नये

म्हणूनच खरा निर्णय दुकानात होतो. ‘हा काय खातो?’ असे विचारून भागत नाही. दुकानदाराला आपल्यासमोर खाणे टाकायला सांगावे. मासा खाण्याकडे झेपावतो का, तोंडात घेऊन गिळतो की थुंकतो, हे नीट पाहावे. दाणे खात नसेल, पण गोठवलेला आर्टेमिया किंवा मायसिस खात असेल, तरी चालते. काहीच खात नसेल तर तो कितीही देखणा असो, घेऊ नये.

पोट आत ओढलेले आणि डोक्यामागची पाठ खचलेली असेल, तर उपासमार बरीच पुढे गेलेली असते. धापा टाकणे, डोळ्यांवर धुरकटपणा, फाटलेले पर, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, कोपऱ्यात पृष्ठभागाशी लटकून राहणे, हीसुद्धा धोक्याची लक्षणे. आवडलेला मासा त्याच दिवशी आणायची घाई नको. इसार द्यावा आणि तो आठ-दहा दिवस दुकानातच राहू द्यावा. प्रवासाचा धक्का सहन न होणारे मासे बहुधा याच काळात दगावतात. हे करू देणारा दुकानदार चांगला समजावा.

आधी पाणी, मग मासा

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या शरीरातले क्षारांचे प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर झिरपत असते. ते भरून काढण्यासाठी समुद्री मासा पाणी पीत राहतो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामात शक्ती खर्च होते. उपाशी किंवा जखमी माशाला ते पेलत नाही.

स्वयंपाकाचे मीठ इथे चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे लागते. समुद्र दाराशी असला, तरी चौपाटीचे पाणी भरून आणू नये. त्यात सांडपाणी मिसळलेले असते. टाकीतले पाणी उडून कमी झाले की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी बहुधा चिलर लागतो. कोमट, खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा हवेचा पंपही हवा.

नवी टाकी भरून लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. एका गटातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले त्याचे नायट्रेट. हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पहिला मासा आणावा. मँडरिनसाठी तर टाकी कित्येक महिने जुनी, भरपूर दगडांची आणि कोपेपॉडनी भरलेली हवी.

पिशवीतून टाकीत सोडण्याच्या वेळी एक चूक वारंवार होते. लांबून आलेल्या बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो. पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरलेला असतो आणि कमी सामूला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून आधी तापमान जुळवावे. उघडल्यावर क्षारता मोजून मासा लवकर बाहेर काढावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता किमान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी आयुष्याचा काही भाग माशाच्या अंगाबाहेर, तळाशी कवचात काढतो. त्यामुळे ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नसते. त्यावर तांबेयुक्त औषध चालते, पण ते कोळंबी आणि प्रवाळाला मारते. ते वापरायलाही वेगळी टाकीच हवी. तिथे स्पर्धा नसल्याने नवा मासा खायलाही लवकर शिकतो.

पर्याय आहेत

समुद्री टाकीची हौस भागवण्यासाठी उपासमारीचा धोका पत्करायलाच हवा असे नाही. क्लाउनफिश खडकाला चिकटवून अंडी घालतो आणि त्याची पिल्ले तुलनेने मोठी असल्याने त्यांना वाढवणे जमते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळातील विळिंजम येथील केंद्रांत त्याची पैदास यशस्वी केली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने शोभिवंत समुद्री माशांचे पैदास केंद्र उभे राहिले. असा मासा पिल्लू असल्यापासून तयार खाद्य खातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. परदेशांत मँडरिनचीही बंदिस्त पैदास झाली आहे.

काही जीव मात्र यादीतून वगळलेच पाहिजेत. समुद्री घोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ यांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला समुद्री घोडा विकत घेणे हा गुन्हा ठरतो. त्यातही या प्राण्याला पोट नसते. त्याला दिवसातून अनेकदा खायला लागते.

समुद्री मासा घेणाऱ्याने दुकानात दोन प्रश्न विचारावेत: हा मासा समुद्रातून आला की पैदास केंद्रातून, आणि तो आत्ता, समोर खाऊन दाखवतो का? दोन्हींची उत्तरे मिळत नसतील, तर तो मासा त्या दिवशी दुकानातच राहू द्यावा.