स्वित्झर्लंड, सेकंड गिअरमध्ये!

स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बर्फात शिफॉनच्या साडीत नाचणारी हिरॉइन, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि ‘पंधरा मिनिटांत बसमध्ये या हं सगळे!’ म्हणून ओरडणारा टूर लीडर. दोन दिवसांत टिटलिस, जुंगफ्राऊ, ऱ्हाइनचा धबधबा, घड्याळं, चॉकलेटं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बस पॅरिसच्या दिशेने! आमचे निम्मे नातेवाईक असंच स्वित्झर्लंड ‘करून’ आलेत. त्यांना मजा आली नाही असं मुळीच नाही. पण आमच्याकडे आठ दिवस होते आणि डोंगरमाथे गाठायचेच नव्हते. झ्युरिकला भाड्याची गाडी घ्यायची, तळ्यांच्या काठाकाठाने, शहरांत मुक्काम करत जायचं आणि जिनिव्हाला गाडी परत करायची. दिवसाला दोन-तीन तासांच्या वर ड्रायव्हिंग नाही. बस्स, एवढाच प्लॅन.

‘जुंगफ्राऊ नाही? मग तिथे जाऊन करणार काय?’ मावशीचा प्रश्न.

प्रश्न रास्त होता. खरं उत्तर मात्र तिला सांगण्यासारखं नव्हतं. मला ऑफिसने सिंगापूरचं दोन वर्षांचं पोस्टिंग देऊ केलं होतं आणि ट्रिपवरून परतल्यावर, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. नवऱ्याची नोकरी पुण्यात. ती त्याने सोडायची, की दोघांनी दोन देशांत राहायचं, यावर आम्ही तीन आठवडे ‘बोलू या’ म्हणत होतो. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून मी घरी पोचणार साडेआठला आणि त्याचा अमेरिकेचा कॉल नऊला. तेवढ्यात काय बोलणार? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, एवढंच!

आता जरा भूगोल. पुणे, सातारा आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे एकत्र केले, तर अख्खा स्वित्झर्लंड त्यात मावतो. झ्युरिक ते जिनिव्हा हायवेने साधारण २८० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निपाणी. तेवढ्यासाठी आठ दिवस म्हणजे चैनच. पण इतक्या लहान देशात धावायचं तरी कशाला?

झ्युरिकला पहिले दोन दिवस आम्ही गाडी घेतलीच नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. ट्राम घरासमोरून सुटल्यासारखी सगळीकडे जाते आणि पार्किंगच्या भावात जेवण होतं. फ्राउम्युन्स्टर चर्चमधल्या मार्क शागालच्या रंगीत काचा, लिंडनहोफच्या टेकडीवरून दिसणारी लिमात नदी, संध्याकाळी तळ्यावर पाय सोडून बसणं... झालं झ्युरिक. शहरात बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी बेलाशक प्यावं. जिथे कॉफीला पाच फ्रँक पडतात (एक फ्रँक म्हणजे शंभराच्या वर रुपये!), तिथे ही बातमी फारच मोलाची आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी ताब्यात आली. स्टीअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी. पहिला अर्धा तास नवऱ्याने वायपरच लावले, इंडिकेटर समजून. तिथे हायवेसाठी वर्षाचा ४० फ्रँकचा ‘व्हिन्येट’ लागतो, पण गाडी स्वित्झर्लंडमध्येच घेतली की तो बहुधा आधीच असतो. भाड्याच्या गाडीसाठी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून काढून न्यावं. हायवेवर १२०, गावाबाहेर ८० आणि गावात ५०, हे आकडे पाठ करा. कॅमेरे झोपत नाहीत आणि दंडाची नोटीस गाडीवाल्या कंपनीमार्फत घरापर्यंत येते. आणि निळ्या पट्ट्यांच्या पार्किंगमध्ये काचेमागे पुठ्ठ्याची तबकडी लावायची. आलात १० वाजून १० मिनिटांनी, तर काटा पुढच्या अर्ध्या तासावर, म्हणजे साडेदहावर ठेवायचा आणि तिथून एक तास मोजायचा. वीस मिनिटं फुकट! मला या देशाबद्दल पहिल्यांदा माया वाटली ती इथे.

ल्यूसर्न झ्युरिकहून तासाभरावर. तिथला लाकडी कापेल पूल चौदाव्या शतकातला, पण त्याचा बराचसा भाग आणि छताखालची बहुतेक जुनी चित्रं १८ ऑगस्ट १९९३च्या आगीत गेली. वर्षाच्या आत पूल पुन्हा उभा राहिला. वाचलेली चित्रं मान वर करून बघत चालताना नवं लाकूड कुठे सुरू होतं ते ओळखायचा खेळ आम्ही खेळलो. मग दुपारी चाकाची आगबोट. या तळ्यावर अजूनही पाच वाफेच्या बोटी धावतात, त्यातली ‘उरी’ १९०१ची. डेकच्या मधोमध इंजिन उघडं असतं, तेल लावलेले चकचकीत दांडे मागेपुढे होत राहतात. नवरा इंजिनियर, तो तिथून हलेचना. पुढे फ्लुएलेनपर्यंत पावणेतीन तास, दोन्ही बाजूंना थेट पाण्यात उतरलेले कडे. फोनला रेंज होती, पण दोघांनीही बघितला नाही.

ल्यूसर्नहून इंटरलाकेनला जाताना ब्रुनिगचा घाट लागतो. उंची १,००८ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही कमी. वाटेत खाली लुंगर्नचं तळं दिसतं. घाटांत पिवळी पोस्टबस आडवी आली, तर जागा तिला द्यायची, तसा नियमच आहे. वळणावर ती जे तीन सूर वाजवते, ते रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधले.

याच घाटात नवरा म्हणाला, ‘सिंगापूरचं बोलायचं का?’

समोरासमोर बसून बोलायला लागलो की आमचं पाचव्या मिनिटाला भांडण होतं. गाडीत बरं असतं, दोघंही समोर बघतात. तो म्हणाला, ‘तू जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये गं. फक्त तू मला विचारते आहेस की सांगते आहेस, तेच कळत नाहीये.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रिएन्झ येईपर्यंत नव्हतं.

ब्रिएन्झचं तळं मात्र बघून बोलणं थांबावं असंच. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यामुळे रंग असा येतो की फोटोशॉप वाटावं. काठावर इझेल्टवाल्ड नावाचं जेमतेम चारशे वस्तीचं गाव आहे. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या कोरियन मालिकेत इथल्या लाकडी धक्क्यावर हिरो पियानो वाजवतो. मालिका आली २०१९मध्ये आणि मग गाव गर्दीने इतकं बेजार झालं की २०२३पासून धक्क्यावर पाऊल ठेवायला ५ फ्रँकचं फिरतं फाटक बसवलंय. आम्ही नाही दिले. दोनशे पावलांवर बाकावर बसून तेच तळं फुकटात बघितलं. हसू नका, आपणही कमी नाही. पुढे इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६मध्ये बसवलेला, आणि तिथे फोटो काढायला आम्ही रांगेत होतो!

मुक्काम इंटरलाकेनला न करता पुढे थूनला केला. ट्रिपमधलं माझं सगळ्यात लाडकं गाव. जुन्या बाजारपेठेत पदपथ वरच्या मजल्यावर आहेत, म्हणजे खालच्या दुकानांच्या छतावरून आपण चालतो आणि वरची दुकानं बघतो. आरे नदीच्या बंधाऱ्यापाशी पोरं दोरीला धरून सर्फिंग करतात. जेवायला र्‍योस्टी, म्हणजे बटाट्याचा कीस तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस केलेला. वर दाण्याचं कूट आणि मिरची असती तर उपवास सुटला असता.

थूनहून बर्नला गाडी तिथेच ठेवून ट्रेनने गेलो, वीस मिनिटांत. बर्नमध्ये क्रामगासे ४९ इथे दुसऱ्या मजल्यावर १९०३ ते १९०५ आइन्स्टाइन राहायचा. तेव्हा तो पेटंट ऑफिसात कारकुनी करत होता, आठवड्याचे सहा दिवस! सापेक्षतेचा सिद्धान्त १९०५चा, म्हणजे त्याच नोकरीतला. टू बीएचके फ्लॅटवर कुरकुरणाऱ्यांनी ती जागा जरूर बघावी. उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर बर्नकर काय करतात माहितीये? कपडे पिशवीत घालून आरेत उडी मारतात आणि प्रवाहाबरोबर वाहत खाली येतात. नदीला जबर ओढ आहे. पट्टीचे पोहणारे नसाल तर मार्झिलीच्या हिरवळीवर बसून नुसते बघा. आम्ही तेच केलं, आणि तिथे, टॉवेलवर, मी नवऱ्याला म्हटलं, ‘विचारते आहे. आता खरंच विचारते आहे.’

त्याला विचार करायला एक रात्र हवी होती.

पुढचा रस्ता सिमेन खोऱ्यातून. सानेन, ग्श्टाड हा ‘दिलवाले दुल्हनिया’चा (१९९५) मुलूख, आपल्या मंडळींच्या गाड्या पुलाजवळ थांबलेल्या दिसतातच. सानेनच्या पुढे काही किलोमीटरवर जर्मन संपून फ्रेंच सुरू होतं. ना नाका, ना कमान; फक्त बेकरीवरची पाटी बदलते आणि ‘ग्रुएत्सी’ म्हणणारा दुकानदार ‘बोंजूर’ म्हणतो. शातो-दे गावाहूनच १ मार्च १९९९ला पिकार आणि जोन्स यांचा बलून उडाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. मग कोल दे मोसची खिंड उतरलं की समोर जिनिव्हाचं तळं, काठावर शियोंचा किल्ला आणि माँत्रो.

माँत्रोत पाण्याकडे तोंड करून, मूठ उगारून फ्रेडी मर्क्युरी उभा आहे, १९९६पासून. क्वीनचा हा गायक म्हणजे जन्मनावाने फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेला. पियानो तिथेच शिकला. झांझिबारला जन्म, पाचगणीला शाळा, लंडनला नाव आणि निवांतपणासाठी माँत्रो. पुतळ्यापाशी नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दोन नाही, आधी एक वर्ष. आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त गॅप नाही. एकदा तू यायचं, एकदा मी.’

दुसऱ्या दिवशी लावोच्या द्राक्षमळ्यांत चाललो. तळ्यापासून डोंगरापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या, शतकानुशतकं माणसांनी रचलेल्या. २००७मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. गाडी सें-साफोरँला ठेवून लुत्रीपर्यंत अकरा किलोमीटर पायी आणि परत ट्रेनने, म्हणजे शास्लाची पांढरी वाइन दोघांनाही घेता येते. ही वाइन बाहेर फारशी जातच नाही, स्विस लोक स्वतःच संपवतात. शुक्रवार होता. एका बांधावर बसून मी ऑफिसला मेल लिहिली. एक वर्ष, दिवाळीनंतर. नवऱ्याने वाचली आणि फक्त एक स्वल्पविराम बदलला.

जिनिव्हाला पोचलात की आधी गाडी देऊन टाका. विमानतळाला स्विस आणि फ्रेंच असे दोन भाग आहेत. परत करताना स्विस बाजूच्याच पाट्या धरा, नाहीतर गाडी एकीकडे आणि काउंटर दुसरीकडे! शहरात हॉटेलचं कार्ड मिळतं, त्यावर ट्राम, बस आणि छोट्या पिवळ्या बोटीही फुकट. १४० मीटर उंच उडणारा कारंजा बघायला तेवढं पुरे. आणि रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा स्टेशनमधलं सुपरमार्केट गाठायचं. आम्ही तिथून पाव, ग्रुयेर चीज आणि टोमॅटो घेतले, पाकीच्या धक्क्यावर नेऊन खाल्ले. विमान रात्रीचं होतं.