ताप लॅपटॉपचा की गेमचा?

‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी जगभर विक्रीला आला. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने त्यावर अनेक वर्षे काम केले होते आणि प्रकाशनाची तारीख तीनदा पुढे ढकलली होती. गेम हाती येण्याआधीच सुमारे ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती. नाइट सिटी नावाच्या काल्पनिक महानगरात एका पात्राची भूमिका घेऊन भटकायचे, लढायचे, कौशल्ये कमवायची, असा हा अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग प्रकारातला गेम. पहिल्याच दिवशी अनेकांच्या पडद्यावर भलतेच दिसू लागले. माणसे दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखी उभी राहत, चित्र अडखळत पुढे सरके आणि मध्येच गेम बंद पडे. आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

असा अर्धाकच्चा गेम लॅपटॉपवर चालवणाऱ्यापुढे एक जास्तीची अडचण असते. प्लेस्टेशनच्या एका मॉडेलची सगळी यंत्रे सारखीच असतात, त्यामुळे ‘माझ्याकडेच असे का?’ हा प्रश्न फारसा पडत नाही. लॅपटॉप मात्र प्रत्येकाचा निराळा. चित्र अडखळले की दोष यंत्राचा की गेमचा, हे चटकन कळत नाही. लक्षण एकच, पण आजार दोन आणि त्यांचे उपचारही वेगळे. निदान चुकले तर चांगला लॅपटॉप मोडीत काढून लाखाच्या घरातला नवा घेतला जातो आणि गचके तसेच राहतात.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेम तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमचे उद्दिष्ट ठेवले तर ही मुदत ३३ मिलिसेकंदांपर्यंत वाढते. गेम सलग ३० फ्रेमने चालला तर डोळा त्याला सरावतो. पण बहुतेक फ्रेम वेळेत आल्या आणि मधूनच एखादीला १०० मिलिसेकंद लागले, तर तो गचका लगेच जाणवतो. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी सरासरी चांगली असूनही खेळताना त्रास होऊ शकतो. फ्रेम उशिरा का येते, हे शोधणे म्हणजेच निदान.

नाव तेच, ताकद वेगळी

पहिला संशयित म्हणजे उष्णता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप जी वीज खातात, तिचे जवळजवळ सगळे रूपांतर उष्णतेत होते. डेस्कटॉपच्या मोठ्या पेटीत ती बाहेर काढायला जागा असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीत चिप, तांब्याच्या नळ्या, पंखे आणि बॅटरी दाटीवाटीने बसवलेली असतात. म्हणून एकाच नावाची चिप लॅपटॉपमध्ये वेगळी असते. एनव्हिडियाची २०२० साली आलेली डेस्कटॉपची आरटीएक्स ३०८० चिप ३२० वॉट घेते आणि तिच्यात ८,७०४ गणन-केंद्रे आहेत. २०२१ साली त्याच नावाने आलेल्या लॅपटॉपच्या चिपमध्ये ६,१४४ केंद्रे होती आणि तिला ८० वॉट द्यायचे की १५० किंवा त्याहून अधिक, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवत असे. साहजिकच एकसारखे स्टिकर लावलेले दोन लॅपटॉप एकच गेम सारखाच चालवतील असे नाही.

चिपचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ती स्वतःचा वेग कमी करते. हा बिघाड नाही. भर उन्हात चालणारा माणूस दमला की पावले सावकाश टाकतो, तसे हे स्वसंरक्षण आहे. शिवाय पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे लॅपटॉप खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात बाहेरचा पारा ४५ अंशांवर जातो. तिथल्या बिनकूलरच्या खोलीत तोच लॅपटॉप डिसेंबरपेक्षा लवकर मंदावणार, यात नवल नाही.

उष्णतेमुळे येणाऱ्या मंदीची ओळख सोपी आहे. गेम सुरुवातीला छान चालतो, पंधरा-वीस मिनिटांत पंख्यांचा आवाज वाढतो आणि मग वेग घसरतो. थोडा वेळ विश्रांती दिली की तो पुन्हा सुधारतो.

थंड यंत्रातले गचके

पहिल्याच मिनिटाला, यंत्र थंड असतानाही चित्र अडखळत असेल तर संशय गेमवर घ्यावा. यातले एक नेहमीचे कारण म्हणजे शेडर. ओल्या रस्त्यावर दिवा कसा चमकेल, कापडावर सावली कशी पडेल, हे चिपला सांगणारे हे छोटे प्रोग्रॅम असतात. ते प्रत्येक चिपच्या भाषेत उतरवावे लागतात. गेमिंग कन्सोलमधली चिप ठरलेली असल्याने हे भाषांतर आधीच करून देता येते. लॅपटॉपमधल्या चिप शेकडो प्रकारच्या असल्याने ते तिथल्या तिथे होते. ऐन लढाईत ते करायची वेळ आली की फ्रेम थांबून राहते. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आलेल्या ‘एल्डन रिंग’मध्ये महागडे संगणक असणाऱ्यांनाही सुरुवातीला गचके बसले होते, त्यामागे अशीच कारणे होती. भाषांतर एकदा झाले की साठवले जाते. म्हणून एखाद्या ठिकाणी पहिल्यांदा अडखळणारा गेम दुसऱ्या फेरीत सुरळीत चालला, तर कारण बहुधा हेच. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर ही साठवण पुन्हा करावी लागू शकते.

काही दोष तर कोणताही पंखा दुरुस्त करू शकत नाही. ‘सायबरपंक’ची सेव्ह फाइल ८ एमबीहून मोठी झाली की ती खराब होत असे आणि कित्येक तासांची प्रगती वाया जाई. चार आणि सहा कोअरच्या एएमडी रायझन प्रोसेसरांची पूर्ण ताकद गेम वापरत नव्हता. हे दोन्ही दोष त्याच डिसेंबरात आलेल्या दुरुस्त्यांमध्ये, म्हणजे पॅचमध्ये दूर झाले. खेळणाऱ्याला एक रुपयाही खर्चावा लागला नाही, फक्त थोडे थांबावे लागले.

उपचार कोणता?

गेमचा दोष असेल तर पॅचची वाट पाहणे आणि ड्रायव्हर अद्ययावत ठेवणे हेच मुख्य उपाय. एकाच सेव्ह फाइलवर विसंबू नये, दोन-तीन वेगळ्या ठेवाव्यात. ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी अपुरी पडली की माहिती मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि झटके बसतात. अशा वेळी टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणावा.

उष्णतेचा त्रास असेल तर लॅपटॉप टेबलावर ठेवून मागची बाजू थोडी उचलावी. गादीवर किंवा उशीवर त्याच्या झरोक्यांची वाट बंद होते. पंख्यातली धूळ काढून घ्यावी. फ्रेमची कमाल मर्यादा ६० वरून ४० वर आणावी. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग थोडा कमी केला तरी उष्णता बरीच घटते. १४४० ऐवजी १०८० रिझोल्यूशन निवडले तर प्रत्येक फ्रेममध्ये ३६.९ लाखांऐवजी २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात. प्रकाशकिरणांचा माग काढणारे रे ट्रेसिंग बंद केले तर आणखी ओझे उतरते.

असा गेम चार्जर लावूनच खेळावा. विमानात सहज नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी साधारण १०० वॉट-तासांच्या आत ठेवतात. दीडशे वॉट मागणाऱ्या यंत्राला ती तासभरही पुरणार नाही, म्हणून बॅटरीवर असताना चिपचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

मांडी आणि डोळे

यंत्राची उष्णता शरीरापर्यंतही पोहोचते. स्वित्झर्लंडमधला १२ वर्षांचा मुलगा रोज काही तास, असे अनेक महिने मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळत होता. त्याच्या डाव्या मांडीवर तपकिरी जाळीसारखे डाग उमटले. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांना किंवा काश्मिरात कांगडी जवळ बाळगणाऱ्यांना होणारा हाच त्वचाविकार. सुमारे ४४ अंशांची उष्णता सहा तास सलग लागली तरी त्वचा भाजू शकते. चटका बसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये.

दुसरा धोका झगमगाटाचा. ‘सायबरपंक’मधल्या एका प्रसंगात दिवे वेगाने लुकलुकत. गेमचे परीक्षण करणाऱ्या एका अमेरिकी पत्रकार महिलेला त्यामुळे अपस्माराचा झटका आला. कंपनीने इशारा जोडला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच तो प्रसंग सौम्य केला. अपस्मार असलेल्या सुमारे तीन टक्के लोकांना अशा लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास होतो. अंधारात खेळू नये, पडद्यापासून अंतर ठेवावे. लुकलुकणाऱ्या दृश्यात अस्वस्थ वाटले तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर वळवावी. झटका आला किंवा काही क्षण भान हरपले तर डॉक्टरांना दाखवावे.

दोन तासांची चाचणी

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सायबरपंक’ची २.० आवृत्ती आली, तोवर गेम पुष्कळ सुधारला होता. पण ती येण्याआधी कंपनीच्याच एका तंत्रज्ञाने खेळाडूंना आपापल्या संगणकाची शीतन व्यवस्था तपासून घ्यायला सांगितले, कारण नवी आवृत्ती प्रोसेसरकडून अधिक काम करून घेणार होती. म्हणजे दोष गेले की यंत्राला आराम मिळतोच असे नाही.

नवा गेम घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच निदान करून टाकलेले बरे. स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम साधारणपणे परत करता येतो. पहिली दहा मिनिटे गचके मोजावेत, मग अर्धा तास तापमान पाहावे. सुरुवातीलाच अडखळला तर पैसे परत घेऊन काही महिने थांबावे, नंतर मंदावला तर लॅपटॉप टेबलावर घ्यावा आणि फ्रेमची मर्यादा कमी करावी. नवा लॅपटॉप घेण्याचा विचार या दोन तासांनंतरच करावा.