आजीची खडी आणि क्रमांक १६१

सेनगावहून एस.टी.ने हिंगोलीला उतरले, की अकोला-नांदेड रस्ता लागतो. त्यावरील १६१ हा आकडा कुठून आला, याचे मला नेहमी कोडे पडे. वाचकहो, ते असे सुटले.

२०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. दक्षिणोत्तर मार्गांना सम, पूर्व-पश्चिम मार्गांना विषम. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा. शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे. म्हणून १६१ ही कल्याण-निर्मल या ६१ क्रमांकाच्या महामार्गाची शाखा होय.

ती अकोल्याहून निघते. पातूर, मालेगाव, वाशीम मागे टाकून कनेरगाव नाक्याजवळ आपल्या जिल्ह्यात येते. येथे पूर्वी इंग्रजी अमलातला वऱ्हाड संपे व निजामाचे राज्य सुरू होई. १९४८ साली ते राज्य गेले. पुढे हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, नांदेड, देगलूर असे करीत हा मार्ग तेलंगणातील संगारेड्डीला पोचतो.

पण रस्ता काही नकाशावर तयार होत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्यांची कामे निघाली. माझी आजी तेव्हा अशाच एका कामावर खडी फोडीत होती. मजुरी आणि सुकडी यांवर घर तगले. ती म्हणते, "रस्ते आम्ही केले, पर त्याच्यावून गेलो कुठं?"

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. बी.ए. नंतर नांदेडला शिकायला जाण्याची माझी इच्छा आहे. वडिलांचा होकार अजून नाही. परवा आजीने मात्र हळूच विचारले, "नांदेडची गाडी किती वाजता असती गं?"