लॅपटॉप संथ झालाय? आधी जागा तपासा
कमी स्टोरेजच्या स्वस्त लॅपटॉपचा वेग का मंदावतो आणि नवा घेण्याआधी काय करून पाहावे?

अजिंठा लेणींच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरमध्ये परदेशी पर्यटक मुक्कामाला आला, की लॉजचालकाला त्याची माहिती ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. नेमक्या अशा वेळी काउंटरवरचा स्वस्त लॅपटॉप अडकला, तर खोळंबा ठरलेलाच. ‘व्हायरस शिरला’ किंवा ‘आता नवाच घ्या’ असे सल्ले लगेच मिळतात. प्रत्यक्षात अनेकदा लॅपटॉपमधली जागा संपलेली असते.

वेग का मंदावतो?

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. चालू काम ओट्यावर, बाकी सामान फडताळात. ४ जीबी रॅमचा ओटा ब्राउझरच्या मोजक्या टॅबनीच भरतो. मग विंडोज काही माहिती तात्पुरती स्टोरेजवर हलवते. स्वस्त लॅपटॉपमधले स्टोरेज अनेकदा ‘ईएमएमसी’ प्रकारचे असते. ते एसएसडीपेक्षा संथ चालते. तेही काठोकाठ भरले, की प्रत्येक क्लिकला वाट पाहावी लागते.

६४ जीबी जातात कुठे?

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज ही मायक्रोसॉफ्टनेच ठरवलेली किमान अट आहे. म्हणजे ६४ जीबीचा लॅपटॉप उंबरठ्यावरच उभा असतो. मोजणीच्या पद्धतीमुळे हे ६४ जीबी स्क्रीनवर जेमतेम ५९ दिसतात. त्यातली मोठी जागा विंडोज घेते. अपडेटसाठीही काही जीबी राखीव राहतात. उरलेल्या जागेत फोटो, व्हिडिओ आणि ओळखपत्रांच्या प्रती साचत जातात.

निदान कसे करावे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ पाहा. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल, तर टॅब कमी करा आणि लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणारी ॲप ‘स्टार्टअप’मधून बंद करा. डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ या क्रमाने जाऊन जागा कोणी व्यापली आहे ते पाहा. किमान १० ते १५ टक्के जागा मोकळी असावी.

काय काढावे, काय जपावे?

‘टेम्पररी फाइल्स’मधून तात्पुरत्या फाइल आणि रिसायकल बिन साफ करता येते. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असते. त्यावर खूण केली, तर त्या फोल्डरमधली कागदपत्रेही जातात. मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुन्या विंडोजची प्रत काढल्यास बरीच जागा सुटते, पण मग मागे जाता येत नाही. विंडोज ती १० दिवसांनी स्वतःच काढते.

फोटो-व्हिडिओ आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या, तिथे ते उघडतात याची खात्री करा आणि मगच लॅपटॉपमधून काढा. वनड्राइव्हमधली फाइल डिलीट केली, तर ती सगळीकडून जाते. त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती मात्र कोणाच्याही हाती लागतील अशा पेनड्राइव्हवर ठेवू नयेत.

काय टाळावे?

वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी ‘बूस्टर’ ॲप स्वतःच जागा खातात. ईएमएमसी किंवा एसएसडीला जुन्या हार्ड डिस्कसारखे डीफ्रॅग करण्याची गरज नसते. ‘विंडोज’ फोल्डरमधल्या फाइल हाताने काढू नयेत.

तरीही संथच राहिला तर?

ईएमएमसी मदरबोर्डलाच जोडलेली असल्याने सहसा बदलता येत नाही. दुरुस्तीला पैसे देण्याआधी एसएसडीसाठी वेगळी जागा आहे का, हे मॉडेल नंबर सांगून विचारा. ती असेल, तर नव्या लॅपटॉपच्या तुलनेत कमी खर्चात मोठा फरक पडतो. नसेल आणि काम फक्त ब्राउझरपुरते असेल, तर हलकी लिनक्स प्रणाली हा पर्याय आहे. नवा घेताना केवळ किंमत पाहू नका. ‘८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी’ असे खोक्यावर लिहिलेले आहे का, ते पाहा.

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. फर्दापूरच्या काउंटरवरही त्या दिवशी गर्दी कमी. महिन्यातला एक सोमवार लॅपटॉपच्या सफाईला दिला, तर ऐन मोसमात पाहुणा समोर उभा असताना स्क्रीनकडे बघत बसावे लागणार नाही.